वरच्या आळीचा हौद

सोलापूरच्या थंडीला बाहेरगावची माणसं हसतात. हसू देत बापडी. वर्षातले बहुतेक दिवस ऊन डोक्यावर घेऊन हिंडणाऱ्या माणसाला एखाद्या पहाटे पंखा बंद करायला उठावं लागलं, की त्याला काय वाटतं ते त्यांना नाही कळायचं. यंदा ते उठणं जरा उशिराच आलं. मी पंखा बंद केला, पायाशी पडलेली चादर गळ्यापर्यंत ओढली आणि अंधारात पडल्या पडल्या बरं वाटून घेतलं. चादरींना आमच्या घरात तोटा नाही. भवानी पेठेत राहून चादर शोधायला लागली, तर शेजारीपाजारी विचारायला येतील.

सकाळी कोपऱ्यावर हातगाडी दिसली. वर हुरडा, हिरवागार, बाजूला शेंगाचटणीच्या पुड्या. मी गाडीपाशी थांबले आणि चार दाणे तोंडात टाकले. ज्वारीचा तो कोवळा गोडवा जिभेवर आला आणि मला लगेच अक्कलकोटच्या पलीकडचं ते गाव आठवलं. दरवर्षी हुरड्याबरोबर ते गाव येतंच. आधी हसू येतं, मग फार बरं वाटतं. हातगाडीवाला म्हणाला, "ताई, खाताय नुसतं का न्यायचंय बी?" तेव्हा मी भानावर आले आणि अर्धा किलो घेतला.

मी मूळची अकलूजची. आमच्याकडं कॅनॉल वाहायचा, ऊस उभा असायचा आणि पाणी ही गोष्ट कुणी मोजत नसे. लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा सासरच्या मंडळींनी पहिल्या आठवड्यात मला देव दाखवले नाहीत, पाण्याचं वेळापत्रक दाखवलं. नळ आज येणार का उद्या, किती वाजता, कुठलं पिंप आधी भरायचं. मी थट्टा केली होती तेव्हा. आता मीच माहेरी गेले की कॅनॉलकडं बघून उगाच हिशोब करते आणि भाऊ माझी थट्टा करतो.

नोकरी आमच्या विद्यापीठात. हुद्दा 'प्रकल्प सहायक'. नाव भारदस्त, काम गावोगाव हिंडायचं. लोकांना विचारायचं, लिहून आणायचं, त्याची टिपणं करायची. माझ्या वरिष्ठ म्हणजे बिराजदार मॅडम. समाजशास्त्र शिकवतात, घरात कन्नड बोलतात, वर्गात मराठी बोलतात आणि रागावल्या की दोन्ही बोलतात. मॅडमची एक रीत आहे. गावात जाऊन जे काही लिहून आणलं, ते कुठंही पाठवायच्या आधी परत त्या गावात जायचं, लोकांना बसवायचं आणि मोठ्यानं वाचून दाखवायचं. तुमच्याबद्दल आम्ही हे लिहिलंय, बरोबर आहे का बघा. लोक म्हणाले बरोबर, तरच पुढं.

मला ही रीत फार काळ पटली नव्हती. एकदा मी म्हणालेही, "मॅडम, एवढं डिझेल जाळून परत कशाला? आपण काय खोटं लिहितोय का?"

मॅडम म्हणाल्या, "तुझा शिंपी झंपर शिवून झाल्यावर काय करतो? घालून बघा म्हणतो की नाही?"

"म्हणतो."

"त्यानं माप खोटं घेतलेलं असतं म्हणून?"

मी तरी कुरकुरत राहिले. कुरकुरणं हा माझा स्वभावच आहे. ते कुणी मनावर घेत नाही म्हणून मी सुखानं करते.

त्या हिवाळ्यात आम्ही पाण्याचंच काम करत होतो. एक संस्था काही गावांत सार्वजनिक टाक्या बांधून देणार होती. अट एकच. ज्या आळीतल्या घरांत पाणी साठवायची धड सोय नाही, तिथं टाकी. ज्यांच्याकडं आधीच सोय आहे, त्यांना नाही. अट रास्त होती. कुठल्या आळीत सोय आहे आणि कुठल्या आळीत नाही, हे शोधून सांगायचं काम आमच्या विभागाकडं आलं. संक्रांत झाली की आळ्या ठरणार होत्या.

येळवस नुकतीच झाली होती. मार्गशीर्षातली अमावस्या, त्या बाजूला सगळं गाव शेतात जातं. कडब्याची खोप उभी करायची, पूजा करायची, भज्जी-भाकरी आणि आंबील पोटभर खायची आणि वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाताला धरून पंगतीला बसवायचं. येळवस झाली की माणसं खुशीत असतात, दारावर आलेल्याशी बोलतात. म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना नेमक्या त्या दिवसांत गावोगाव पाठवलं. अक्कलकोटच्या पलीकडच्या गावाला गेली रोहिणी. श्रीपूरची पोर. वडील साखर कारखान्यात कामाला, हिनं आमच्याकडं एमएला नाव घातलेलं. बोलायला गोड, चालायला वाघीण. मॅडमना त्या आठवड्यात परीक्षेचं काम होतं आणि मी दुसऱ्या गावांत अडकले होते, म्हणून ती आणि तिच्या दोन मैत्रिणी अशा तिघीच गेल्या.

पोरींना आम्ही नीट शिकवून पाठवलं होतं. बसवतील तिथं बसा. देतील ते खा. दुसऱ्याच्या मोरीत आणि चुलीपाशी डोकावू नका. प्रश्न मोबाइलवर होते. समोरचा माणूस बोलला की उत्तरावर बोट ठेवायचं. 'पाणी साठवायला घरात काही आहे का?' या प्रश्नाखाली चार उत्तरं दिली होती. हौद, पिंप, घागरी, काही नाही. पहिल्यांदा आम्ही 'टाकी' लिहिलं होतं. पण टाकी म्हटलं की लोकांना गच्चीवरची काळी प्लास्टिकची आठवते, म्हणून बसून, चर्चा करून, चहा पिऊन आम्ही जुना, सगळ्यांना कळणारा शब्द घातला. हौद. फार लोकाभिमुख वाटलं होतं ते करताना.

रोहिणी परत आली ती निम्मी खूश, निम्मी उदास. ओंजळभर हुरडा रुमालात बांधून आणला होता तिनं. तो माझ्या टेबलावर सोडला आणि म्हणाली, "ताई, तितं एक गौरव्वा म्हणून हायत. लई जीव लावला त्यांनी मला."

मग ती गौरव्वाबद्दलच बोलत राहिली. ते गाव दोन भागांत आहे. खालची आळी सपाटीला, जुनी बांधीव घरं. वरची आळी मुरमाच्या चढावर. नळ दोन्हीकडं आहे. पण पाणी येतं चार-पाच दिवसांनी, आणि कधी येईल ते कुणी सांगत नाही. सकाळी येईल, भर दुपारी येईल. खालच्या आळीची घरं भरली की मग ते चढ चढून वर येतं, करंगळीएवढं. आणि थोड्या वेळात जातं. म्हणून वरच्या आळीत प्रत्येक घरात एक माणूस नळाला बांधलेलं. नळ आधी नुसता फुसफुसतो, तेवढ्यात धावायचं. ते चुकलं की पुढचे दिवस लोकांच्या दारात घागर घेऊन उभं राहायचं. गौरव्वाच्या घरातलं ते माणूस म्हणजे गौरव्वा. मुलगा आणि सून शेतात जातात. गौरव्वा घरी. कितीतरी वर्षं येळवसला शेतात गेलेल्या नाहीत. सख्ख्या भाचीच्या लग्नाला गेल्या नाहीत. लग्न दोन गावं सोडून होतं.

"त्यांनी मला विचारलं," रोहिणी म्हणाली, "व्हईल का गं टाकी आमच्या आळीत? मी म्हटलं, आमी नुसतं विचारायला आलोय. तर म्हणाल्या, विचारून जाणारी लई झाली, बाई."

"मग?"

"मग काय. त्यांच्यात हौद हाय. सगळ्या आळीतच हाय जवळजवळ. ज्याला विचारलं त्यो हौदच म्हणतोय. अटीत बसत न्हाई, ताई."

मी म्हटलं, "हौद आहे तर मग नळाला कान लावून कशाला बसायचं? तोटी उघडी टाकायची आणि जायचं शेतात."

"करंगळीएवढं पाणी. नळी लावाय लागत आसंल हौदापतुर," ती म्हणाली. मलाही ते पटलं. तिनं विचारलं, अट थोडी वाकवता येईल का. मी म्हटलं, बाई, अट आपल्या बापाची नाही. तिनं मान खाली घातली. मी हुरडा खात खात गावाची टिपणं पूर्ण केली. वरच्या आळीपुढं लिहिलं, 'बहुतेक घरांत हौद आहे. टाकीची आवश्यकता दिसत नाही.' वाक्य चांगलं सुटसुटीत झालं होतं.

संक्रांत जवळ आली. सोलापुरात त्या दिवसांत कुणाचं लक्ष कामात नसतं, गड्ड्याची जत्रा भरायला लागते, पाळणे उभे राहतात, पोरं शाळेत बसेनाशी होतात. मला वाटलं होतं, टिपणं पाठवून मोकळं व्हावं. मॅडमनी गाडी सांगितली. मी चुकूनमाकून म्हटलं, हे शेवटचं गाव राहू द्या, काय बदलणार आहे? मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. मी पाण्याची बाटली भरून घेतली.

थंडीतलं ऊन ज्यानं दक्षिण सोलापुरात पाहिलं नाही, त्याला मी काय सांगू. दोन्ही बाजूंना काळी जमीन, त्यावर पोटऱ्यांतून बाहेर आलेली ज्वारी, कणसांवर पाखरं, आणि राखणीला बसलेल्या माणसांच्या आरोळ्या. मॅडम गाडीची काच खाली करून वास घेत होत्या. रोहिणी मागं गप्प बसली होती. गौरव्वाला काय तोंड दाखवू, असं ती एकदाच म्हणाली.

बसवण्णाच्या देवळात माणसं जमली होती. बाप्ये खांबांना टेकून, बायका एका अंगाला. गौरव्वा पहिल्यांदा मी तिथं पाहिल्या. ठेंगण्या, कपाळावर विभूतीची रेघ, पदर डोक्यावरून घट्ट. त्या देवळाच्या दारातच बसल्या होत्या, अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर. रोहिणीनं आत बोलावलं तर म्हणाल्या, "हितंच बरं हाय. नळ आला तर ऐकू येतंय." सरपंच, ज्यांना सगळे अप्पा म्हणतात, त्यांनी गूळ-शेंगा फिरवल्या आणि मला म्हणाले, "हं, वाचा बाई."

मी वाचायला लागले. खालच्या आळीचं वाचलं. माना हलल्या. शाळेतल्या पाण्याचं वाचलं. माना हलल्या. मग वाचलं, "वरच्या आळीत बहुतेक घरांत पाणी साठवण्यासाठी हौद आहे."

माना थांबल्या.

अप्पा म्हणाले, "कुटला हौद?"

मी म्हटलं, "घरोघरचा."

"घरोघर?" अप्पा बायकांकडं वळले. "कधी बांधलासा गं?" बायकांत कुजबुज सुरू झाली. एकजण म्हणाली, आमच्यात तर न्हाय बा. दुसरी म्हणाली, हिच्यात असंल. हिनं तिच्याकडं बोट केलं. मला घाम फुटायला लागला, जानेवारीत. माझा आवाज चढला. चूक आपली नाही असं वाटलं की माझा आवाज चढतोच.

"हे बघा," मी म्हटलं, "आम्ही मनानं लिहिलेलं नाही. गौरव्वा, ही रोहिणी तुमच्या घरी आली होती ना?"

"हौद," गौरव्वा रोहिणीकडंच बघत म्हणाल्या.

"पाणी साठवायला काही आहे का, असं तिनं विचारलं होतं ना?"

"हौद."

"आणि तुम्ही हौद म्हणून सांगितलंत ना?"

"हौद."

"मग घरात हौद आहे ना?"

"इल्ला," गौरव्वा म्हणाल्या.

मी मॅडमकडं बघितलं. मॅडम कागद तोंडापुढं धरून गदागदा हलत होत्या. आधी मला वाटलं त्यांना ठसका लागला. मग अप्पांना उमगलं, आणि मग ते देऊळच्या देऊळ हसायला लागलं. बायका एकमेकींच्या खांद्यावर पडून हसत होत्या. एक म्हातारा डोळे पुसत शेजारच्याला कन्नडमधून परत परत सांगत होता आणि दर वेळी नव्यानं हसत होता. रोहिणी आणि मी तेवढ्या दोघी कोरड्या.

शेवटी मॅडमना बोलता आलं. म्हणाल्या, "अगं, कन्नडमध्ये हौद म्हणजे हो."

म्हणजे पोरीनं विचारलं होतं, पाणी साठवायला घरात काही आहे का? समोरची बाई म्हणाली होती, हो. आहे की. दोन घागरी आहेत, एक गळकं पिंप आहे, काहीतरी आहेच. ती पुढं काय आहे ते सांगणार होती. पण तोवर पोरीच्या मोबाइलवर चार उत्तरांत पहिलंच उत्तर 'हौद' होतं आणि तिचं बोट त्यावर पडलेलं होतं. ज्या शब्दासाठी आम्ही बसून, चर्चा करून, चहा प्यालो होतो, तोच शब्द. इल्ला म्हणजे नाही, हे सोलापुरात पोरासोरांना येतं. पाण्याला नीर येतं, जेवणाला ऊट येतं. 'नाही' तेवढं आम्ही शिकून गेलो होतो आणि 'हो' शिकायचं राहिलं होतं.

आणि माझं मेलीचं काय, मी तर सोलापुरातच राहते. आमच्या समोर विणकरांचं घर आहे, त्यांच्यात तेलुगू चालतं, हो म्हणायचं तर अवुनु म्हणतात. दूध घालायला येणारे चाचा 'हौ' म्हणतात. मी माहेरी व्हय म्हणते, विद्यापीठात हो म्हणते आणि बँकेत गेले की येस सर. एका गल्लीत एवढ्या तऱ्हेचे होकार ऐकत मी इतकी वर्षं राहिले. चाचांच्या 'हौ'ला नुसता एक 'द' लागला आणि मी त्यात विटा-सिमेंट पाहिलं.

हसणं ओसरलं तसं गौरव्वांनी विचारलं, "मंग आता हे कागुद असंच गेलं असतं तर?"

अप्पांनी खाली पाहिलं. मॅडमनी गौरव्वांना कन्नडमधून सांगितलं, लपवलं नाही, की वरच्या आळीचं नाव गळलं असतं. टाकी दुसऱ्या गावाला गेली असती आणि परत कधी आली असती कुणास ठाऊक. गौरव्वा ऐकत राहिल्या. त्यांचा चेहरा फारसा हलला नाही. माझं ते सुटसुटीत वाक्य माझ्याच हातात होतं.

रोहिणीला रडू फुटलं. एवढी वाघीण, पण तोंडात पदर... तिच्या अंगावर पदर कुठला, ओढणी कोंबून रडायला लागली. मला नाही जमायचं हे काम म्हणाली, मी सोडून देते. तेव्हा गौरव्वा दारातून उठून आत आल्या. पहिल्यांदाच आत आल्या. तिच्याजवळ फतकल मारून बसल्या आणि पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "तुजं काय चुकलं गं. तू लेकरू दिसलीस म्हून मी हौद म्हटलं. कुणी मोठी बाई आली असती तर हौद्री म्हटलं असतं. मग काय घोटाळा झाला नसता."

मॅडम मला हळूच म्हणाल्या, "खरंय. त्या बाजूला आदरानं बोलायचं तर 'री' लावतात. तू गेली असतीस तर तुला हौद्री म्हटले असते."

मला त्याचं एवढं काय वाटावं? पण वाटलं. आळीतल्या सगळ्या बायकांनी एका परक्या पोरीला घरची समजून बोलावं, आणि त्या घरच्यासारखं बोलण्यानंच त्यांचं नुकसान होता होता राहावं. मला आदरानं बोलले असते म्हणजे लांबूनच बोलले असते. आणि नोंद बिनचूक झाली असती. यातलं कुठलं बरं, हे माझं मलाच आजतागायत ठरवता आलेलं नाही. मॅडमना विचारलं तर म्हणतात, दोन्ही पाहिजे, म्हणून तर परत जायचं.

त्या दुपारी आम्ही तिथंच राहिलो. वरची आळी घरोघर परत फिरलो, मॅडम पुढं, आम्ही मागं. या वेळी आम्ही मोऱ्यांत डोकावलो, परवानगी काढून. घागरी, कळश्या, तेलाचे रिकामे डबे, रंगाची जुनी पिंपं, एका घरात तर बाळाचा आंघोळीचा टब पाण्यानं भरून वर ताट झाकलेलं. हौद एकाही घरात नव्हता. रोहिणी प्रत्येक दारात हळू आवाजात विचारत होती, हौद म्हणजे हो का हौद? आणि बायका तिला हसत हसत आत ओढून दाखवत होत्या. शेवटच्या घरापर्यंत ती थोडी हसायला लागली होती. परतताना त्या लोकांनी शेतात नेऊन आगटी पेटवली, कणसं भाजली, हातावर चोळून हुरडा दिला. गरम दाणा, वर चटणी, गुळाचा खडा. गौरव्वा अर्थातच आल्या नाहीत. नळ आला नव्हता.

टिपणं दुरुस्त होऊन गेली. पण वेळ फार उरला नव्हता, आणि संस्थेच्या माणसांना वाटलं असतं की हे विद्यापीठवाले आज एक म्हणतात, उद्या एक, तर त्यांना दोष देता आला नसता. मला भीती तीच होती. चार दिवस मी घरात सगळ्यांवर डाफरत होते. तिळगूळ वाटताना गोड बोला म्हणायला लोक जरा बिचकत होते.

फोन आला तेव्हा मी गड्ड्यावर होते. भाचरांना पाळण्यात बसवून खाली उभी. चारी बाजूंनी भोंगे, भज्यांचा धूर, मौत का कुआँमधून फटफटीचा आवाज. फोनवर मॅडम काहीतरी बोलल्या. मला फक्त 'झालं' ऐकू आलं.

मी ओरडून विचारलं, "काय झालं?"

"वरच्या आळीत टाकी होतेय."

"म्हणजे हो म्हणाले?" माझा आता एका शब्दावर विश्वास राहिला नव्हता. "मॅडम, नक्की हो ना?"

पलीकडून मॅडम म्हणाल्या, "हौद्री."

मी तिथंच, पाळण्याच्या तिकीट खिडकीशेजारी, एका उलट्या बादलीवर बसले. हायसं वाटणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. आमच्या अकलूजकडं 'आहे'ला 'हाय' म्हणतात. हाय, अजून हाय, गेलेलं न्हाय. मला तर या शब्दाचा उगम तिथंच असावा असं वाटतं. भाषावाले हसतील, हसोत. भाचरं खाली उतरून विचारत होती, आत्या, तुला चक्कर आली का? बसलो आम्ही आणि तू कशी काय गरगरलीस? मी त्यांना परत एकदा पाळण्यात बसवलं आणि मीही बसले. वरून जत्रेशेजारचा सगळा तलाव दिसत होता, दिवे लागलेले, आणि मी मोठमोठ्यानं हसत होते.

टाकी त्या उन्हाळ्यात झाली. आळीच्या तोंडाशी, चढ संपतो तिथं. नळ कधी का येईना, पाणी टाकीत पडतं, आणि ज्याला पाहिजे तेव्हा त्यानं तोटी सोडून घागर भरायची. रोहिणी आता पीएचडी करते, त्याच भागात. कन्नड फर्डं बोलते, श्रीपूरच्या हेलात. ऐकणाऱ्याला मजा वाटते. माझी कुरकुर चालूच आहे, फक्त वाचून दाखवायला जायच्या गाडीत मीच आधी बसलेली असते.

यंदा तो अर्धा किलो हुरडा घेतला आणि मला राहवेना. नव्या कामाचे काही प्रश्न वरच्या आळीत विचारायचेच होते. मी मॅडमना म्हटलं, मी जाऊन येते. एकटीच गेले. पोचले तेव्हा दुपार झाली होती. आळीत सामसूम. शेतं भरात होती, माणसं सगळी तिकडं. कुत्रं तेवढं सावलीला पडलेलं, त्यानं एक डोळा उघडून परत मिटला.

गौरव्वाच्या घराचं दार सताड उघडं होतं. त्या ओसरीवरच घोंगडीवर आडव्या झाल्या होत्या, हात उशाला, पदर डोळ्यांवर. गाढ झोपलेल्या. मी चप्पल काढली आणि कुठं बसावं ते न कळून तशीच उभी राहिले. शेजारच्या घरातून एक सून डोकावली. मला ओळखलं तिनं.

"उठवू का?" ती हळू आवाजात म्हणाली.

"नको, नको."

ती जवळ आली. पिशवीतला मूठभर हुरडा मी तिच्या हातावर ठेवला. म्हणाली, "रोज झोपत्यात आता दुपारच्या. पयल्या-पयल्यांदा दार लावून घ्यायच्या. लाज वाटायची की, दिवसाढवळ्या झोपायची. आमी विचारलं की म्हणायच्या, देवाचं म्हणत बसले हुते. आन गालावर घोंगडीची नक्षी."

आम्ही दोघी तोंड दाबून हसलो. मी पायरीवर बसले. विचारायचे प्रश्न पिशवीत होते, ते तिथंच राहिले. ऊन ओसरीच्या कडेपर्यंत आलं होतं आणि गौरव्वांच्या पावलांवर पडलं होतं. टाचा भेगाळलेल्या, एक जोडवं झिजून तारेसारखं झालेलं. श्वास शांत चालला होता. इतकी वर्षं या बाईला कितीजणांनी येऊन काय काय विचारलं असेल, मीही त्यातलीच, आणि आज पहिल्यांदाच तिला कुणाला उत्तर द्यायचं नव्हतं.

तेवढ्यात आळीच्या तोंडाशी काहीतरी फुसफुसलं. मी दचकले. शेजारची सूनही मान वर करून ऐकायला लागली. मग आत टाकीत पाणी पडायला लागलं, आधी थेंब थेंब, मग धार, आणि पोकळीत तो आवाज घुमत साऱ्या आळीभर आला. माझा हात आपोआप गौरव्वांना हलवायला पुढं झाला होता. तो मी मागं घेतला.

गौरव्वा कुशीवर वळल्या, पदर नीट तोंडावर ओढून घेतला आणि घोरायला लागल्या.